कुर्ल्यात घडलेली इटालियन मोटार आणि तिचा जीर्णोद्धार

जुन्या मोटारींच्या व्यवहारात ‘प्रोजेक्ट’ म्हणून जी गाडी विकायला निघते, ती चालती नसते आणि पुरती भंगारही नसते. बहुधा ती अनेक वर्षे एखाद्या शेडमध्ये, वाड्याच्या पडवीत किंवा बंद गॅरेजच्या मागे उभी राहिलेली असते; तिचे काही भाग सुटे करून ठेवलेले, काही हरवलेले, कागदपत्रे अर्धवट, आणि तिला पुन्हा रस्त्यावर आणण्याचे सारे काम घेणाऱ्याच्या अंगावर टाकलेले असते. युरोपात अशा अवस्थेत लान्चिया, आल्फा रोमिओ किंवा फियाट या इटालियन कंपन्यांच्या जुन्या सलून गाड्या, म्हणजे कायमचे छप्पर आणि दोन रांगांत आसने असलेल्या बंद बांध्याच्या गाड्या, नेहमी विक्रीस येतात. कराड, सातारा आणि सांगलीच्या पट्ट्यात इटालियन सलून म्हणजे काही परदेशी दुर्मीळ वस्तू नव्हे. ती ‘फियाट’ या नावाने येथील डॉक्टर, वकील, बागायतदार आणि व्यापारी यांच्या दारात उभी राहिलेली गाडी आहे, कारण तिचा आराखडा तोरिनो (तुरिन) शहरात झाला असला तरी ती घडली मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात. अशी गाडी घेताना पाहणारा आधी बॉनेट उचलून इंजिन पाहतो, हे स्वाभाविक असले तरी चुकीचे आहे. या गाडीत इंजिन हा सर्वांत सोपा भाग असून तिचे खरे मोल पत्र्यात आणि कागदपत्रांत असते, आणि या पट्ट्यात तर ही गोष्ट इतर ठिकाणांपेक्षा अधिक खरी आहे. त्याची कारणे समजण्यासाठी ही गाडी मुळात कशी बनली हे पाहणे आवश्यक ठरते.

फियाट ही कंपनी 1899 मध्ये तोरिनो येथे स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिचे प्रमुख अभियंते दांते जाकोझा यांच्या देखरेखीखाली मध्यमवर्गीय कुटुंबासाठी जी गाडी तयार झाली, ती मार्च 1953 मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ‘फियाट 1100-103’ या नावाने मांडण्यात आली. इटालियन लोक तिला ‘मिलेचेन्तो’, म्हणजे अकराशे, एवढेच म्हणत. तिच्या इंजिनाचा वंश त्याहून जुना होता. 68 मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर आणि 75 मिलिमीटरचा पिस्टनचा फेरा मिळून 1089 घनसेंटिमीटर क्षमता होते, आणि या मापाचे इंजिन फियाटने 1937 पासूनच वापरात आणले होते. नवे होते ते तिचे अंग. तोपर्यंत बहुतेक गाड्यांना ट्रकप्रमाणे स्वतंत्र लोखंडी सांगाडा, म्हणजे चासी असे आणि तिच्यावर पत्र्याची बॉडी बोल्टने बसवलेली असे. 1100-103 मध्ये मात्र जमीन, बाजू, छप्पर आणि पुढचे-मागचे खांब हे सारे पत्रे एकमेकांना वेल्डिंगने जोडून एकच कवच तयार केले होते आणि गाडीचा सर्व भार त्या कवचानेच पेलायचा होता. या रचनेला मोनोकॉक म्हणतात. अंड्याचे टरफल पातळ असूनही आकारामुळे भार सोसते तसेच या रचनेचे असते, आणि टरफलाला एका जागी तडा गेला की उरलेल्याचे बळही जाते, हा तिचा दुसरा धर्मही येथे तितकाच लागू पडतो. पुढे जीर्णोद्धाराच्या कामात जे जे अवघड प्रसंग येतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या एका निर्णयात आहे.

ही गाडी महाराष्ट्रात येण्यामागे वालचंद हिराचंद यांचे नाव आहे. 1882 मध्ये सोलापुरात जन्मलेल्या या उद्योजकाने जहाजे, विमाने आणि साखर यांबरोबरच मोटारनिर्मितीचाही ध्यास घेतला होता आणि 1944 मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड ही कंपनी स्थापन केली. आरंभी तेथे अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होई. 1951 मध्ये फियाटशी संबंध जुळून छोटी फियाट 500 तयार होऊ लागली आणि 1954 पासून 1100 कुर्ल्यातून बाहेर पडू लागली. 1953 मध्येच वालचंद यांचे निधन झाल्यामुळे त्यांना तो टप्पा पाहता आला नाही. त्याच सुमारास टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनुसार केंद्र सरकारने असे धोरण स्वीकारले की, ज्या कंपन्या टप्प्याटप्प्याने येथेच उत्पादन करतील त्यांनाच या देशात स्थान राहील, आणि केवळ जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्ड या बलाढ्य अमेरिकन कंपन्यांनी आपले येथील काम आवरते घेतले. त्यामुळे पुढची तीन दशके भारतीय रस्त्यांवर मोजक्याच गाड्या राहिल्या आणि फियाट त्यांतील एक झाली. वालचंदांच्या नावाचा या पट्ट्याशी आणखी एक दुवा आहे: सांगलीत 1947 मध्ये न्यू इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून सुरू झालेल्या संस्थेला 1955 पासून वालचंद यांचे नाव लाभले, आणि कृष्णाकाठच्या अनेक पिढ्यांतील यंत्रअभियंते त्याच संस्थेत घडले.

कुर्ल्याच्या पहिल्या 1100 ला मराठी माणसाने ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिले. गोलसर, फुगीर पाठ आणि पुढे आलेले नाकाड असे तिचे रूप पाहता त्या नावामागची नजर लक्षात येते, आणि त्यात हेटाळणीपेक्षा ममताच अधिक होती. तिचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले, म्हणजे आजच्या गाड्यांच्या उलट दिशेने उघडणारे होते. जुनी गाडी पाहताना डुक्कर फियाट ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे. इटलीत 1962 मध्ये ‘1100 डी’ ही सरळ रेषांची, चौकोनी वळणाची आवृत्ती आली, तिची भारतीय प्रत 1964 पासून ‘फियाट 1100 डिलाइट’ म्हणून मिळू लागली, 1970 च्या दशकाच्या आरंभी तिच्यावरचे फियाटचे नाव जाऊन ती अल्पकाळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि 1974 पासून चितोडच्या राणीच्या नावावरून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून विकली जाऊ लागली. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. इटलीत या घराण्याचे उत्पादन 1969 मध्ये थांबले, तर कुर्ल्यात ते त्यानंतर सुमारे तीस वर्षे चालू होते. म्हणजे या इटालियन गाडीचे आयुष्य तिच्या जन्मभूमीपेक्षा महाराष्ट्रात कितीतरी अधिक लांबले. जीर्णोद्धार करणाऱ्याने ही गोष्ट प्रथम मनावर घ्यावी, कारण पद्मिनीला इटालियन चिन्हे, इटालियन रंग आणि इटालियन जाळी लावून 1962 च्या तोरिनोत नेऊन बसवणे म्हणजे तिचा खरा इतिहास पुसून टाकणे होय.

या गाडीला त्या काळात किती महत्त्व होते हे एका प्रसिद्ध व्यवहारावरून दिसते. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांच्या कुटुंबाने 1964 ची फियाट सुमारे 12,000 रुपयांना घेतली आणि त्यासाठी पंजाब नॅशनल बँकेकडून 5,000 रुपयांचे कर्ज काढावे लागले. जानेवारी 1966 मध्ये शास्त्रींचे निधन झाल्यावर ललिता शास्त्री यांनी ते कर्ज फेडले. ती गाडी दिल्लीतील शास्त्री स्मारकात जपलेली आहे. देशाच्या पंतप्रधानाला जी गाडी कर्ज काढून घ्यावी लागली, ती कराडसारख्या तालुक्याच्या गावी ज्याच्या दारात येई त्याच्या घरात ती वडिलोपार्जित दागिन्याप्रमाणे सांभाळली जाई, आणि नवी गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागत असल्याने जुनी टाकून देण्याचा विचारही कोणी करत नसे. परिणामी आज विक्रीस येणारी प्रत्येक फियाट ही अनेकदा दुरुस्त झालेली, अनेक हातांच्या खुणा अंगावर बाळगणारी गाडी असते.

इंजिन सोपे का, हे आता पाहता येईल. या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचे, क्रँकला तीन मुख्य बेअरिंगांचा आधार आणि झडपा हेडमध्ये वर बसवलेल्या, अशी ही साधी रचना आहे, आणि तिला आवश्यक असलेली सारी कामे, म्हणजे झिजलेला सिलिंडर बोअर करणे, क्रँक ग्राइंडिंग करून कमी मापाची बेअरिंगे घालणे, हेडचा तळ सपाट करणे आणि झडपांच्या बैठका नव्या बसवणे, ही या पट्ट्यातील यंत्रशाळांना पिढ्यान्पिढ्या परिचित आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगराचा कारखाना उभारला. कराडजवळ ओगलेवाडीत काचकारखाना निघाला आणि तेथील प्रभाकर कंदील घरोघर गेला. कोल्हापुरात ओतशाळांचे आणि शेतीसाठी लागणाऱ्या ऑइल इंजिनांचे मोठे केंद्र तयार झाले. उसाला नदीचे आणि विहिरीचे पाणी उपसण्यासाठी जी इंजिने गावोगाव बसली, त्यांच्या दुरुस्तीसाठी लेथ, बोअरिंग यंत्रे आणि ती चालवणारे हात गावोगाव आले, आणि ज्या मिस्त्रीला ऑइल इंजिनाचा लायनर मोजता येतो त्याला फियाटचा सिलिंडर परका नसतो. पिस्टन, रिंगा आणि गॅस्केट यांचे जुने साठे मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील सुट्या भागांच्या बाजारात धुंडाळता येतात. जे मिळत नाही ते ओतून किंवा कातून घेण्याची सोय कोल्हापूर-सांगलीच्या परिघात आहे.

तरीही इंजिनाच्या बाबतीत दोन धोके ध्यानात ठेवावे लागतात. पहिला धोका पाण्याचा. लोखंडी ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचे हेड हे दोन भिन्न धातू क्षारयुक्त पाण्याच्या संपर्कात आले की त्यांच्यामध्ये बारीक विद्युतघट तयार होतो आणि त्यांत ॲल्युमिनियम झिजत जाते. शिवाय बोअरवेलचे जड पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये भरले गेले असेल तर ब्लॉकमधील पाण्याच्या वाटांवर क्षारांचा थर बसलेला असतो. अशी गाडी सपाटीवर ठीक चालते आणि कुंभार्ली घाटात उकळते. म्हणून हेड उतरवल्यावर पाण्याच्या छिद्रांभोवतीची धातूची कड कुरतडलेली आहे का हे पाहणे, ब्लॉकच्या बाजूच्या झाकण्या काढून गाळ साफ करणे आणि पुढे फक्त गंजरोधक मिसळलेले शीतकच वापरणे आवश्यक ठरते. दुसरा धोका इंधनाचा आहे, आणि गंमत नव्हे तर गंभीर गोष्ट अशी की तो याच मातीतून येतो. कृष्णाकाठच्या उसापासून आसवनीत तयार होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे 13.5 भागच पुरते; आधुनिक गाडीतील संवेदक हा फरक ओळखून इंधन वाढवतो, परंतु फियाटच्या सोलेक्स कार्ब्युरेटरमध्ये इंधनाचे प्रमाण एका पितळी जेटच्या छिद्राने कायमचे ठरलेले असल्यामुळे इंजिनाला इंधन कमी पडते आणि ते अधिक तापते. त्याखेरीज इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा व कार्ब्युरेटरचे जस्तमिश्रित अंग यांना अपाय करते. यावरचा उपाय कठीण नाही: थोड्या मोठ्या छिद्राचे जेट, इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या व पडदा, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असल्यास टाकी रिकामी करून ठेवण्याची सवय. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 पर्यंत बंद झाले; शिशाचा थर झडपांच्या बैठकांचे रक्षण करत असे, म्हणून हेड खोललेच आहे तर कठीण पोलादाच्या बैठका बसवून घेणे शहाणपणाचे असते.

पत्र्याची गोष्ट वेगळी आहे. मोटारीचा पत्रा साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असतो आणि गंज हा त्याच्यावर बाहेरून बसलेला डाग नसून लोखंडाचेच पाणी व प्राणवायू यांच्या संयोगाने झालेले रूपांतर असते. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या जोडात तो शिरला की जोड फुगवतो, वेल्डिंगचे ठिपके तोडतो आणि अधिक पाण्याला वाट करून देतो. मोनोकॉकमध्ये बळ देण्यासाठी ठिकठिकाणी पोकळ पेट्या केलेल्या असतात: दाराखालचा उंबऱ्यासारखा भाग, पुढच्या निलंबनाचा भार घेणारे दोन्ही बाजूंचे दांडे, मागच्या पाटा स्प्रिंगांच्या टेकूंभोवतालचा भाग. या पेट्यांत आतून रंग पोहोचत नाही, चिखल मात्र पोहोचतो. म्हणून फियाट पाहताना गाडी वर उचलून उंबरे, जॅक लावण्याच्या जागा, पायाखालची जमीन, डिकीचा तळ, दारांचे खालचे काठ आणि बिजागरीजवळच्या खांबांचे तळ हातोडीच्या दांड्याने हलके ठोकून पाहावेत. भरीव पत्रा खणखणीत वाजतो, गंजलेला किंवा पुट्टीने भरलेला बद्द आवाज करतो. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवला तर पुट्टीच्या जाड थरावर तो धरत नाही, ही परीक्षाही खात्रीची आहे. चारही दारे उघडझाप करून पाहणे याहून महत्त्वाचे असते, कारण दार उघडताच खाली झुकत असेल आणि बिजागरी शाबूत असेल तर खांब किंवा उंबरा बसला आहे, म्हणजे टरफलालाच तडा गेला आहे, असे समजावे.

गाडी कोणत्या गावात वाढली यावर तिचा पत्रा अवलंबून असतो, आणि या एका बाबतीत सातारा-सांगलीचा भूगोल घेणाऱ्याला मोठी मदत करतो. पश्चिमेला पाटण, कोयनानगर आणि महाबळेश्वरच्या बाजूला पावसाळ्याचे चार महिने सतत ओल असते. मुंबईहून आलेल्या गाडीने त्यात समुद्राच्या खारट हवेची भर घातलेली असते, आणि मीठ पाण्याची विद्युतवाहकता वाढवून गंजाची गती वाढवते. याउलट पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांत उभी राहिलेली गाडी रंगाने फिकी, डॅशबोर्ड तडकलेला, खिडक्यांचे रबर ठिसूळ झालेले अशी दिसते, परंतु तिचा पत्रा बहुधा धड असतो. रबर आणि रंग विकत मिळतात. धड टरफल मिळत नाही. त्यामुळे चकचकीत रंगाच्या मुंबईकर गाडीपेक्षा रापलेल्या, धुळीने भरलेल्या दुष्काळी भागातील गाडीला अधिक किंमत देणे योग्य ठरते. कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या कराडमध्ये आणि खाली सांगलीत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, तो महापुराचा. 2005, 2019 आणि 2021 या वर्षी कृष्णेच्या पुराचे पाणी वस्त्यांत शिरले होते. पुरात बुडालेली गाडी वरून धुऊन स्वच्छ करता येते, पण उंबऱ्यांच्या पोकळीत, दारांच्या तळाशी, डिफरेन्शियलच्या तेलात आणि आसनांच्या स्प्रिंगांखाली नदीचा बारीक गाळ राहतो आणि तो ओल धरून वर्षानुवर्षे आतून पत्रा खातो. पायाखालचे जाजम उचलून शिवणीत बोट फिरवले तर तो गाळ हाताला लागतो.

पत्राकामाचा क्रम चुकला तर गाडी कायमची वाकडी होते. गंजलेला उंबरा कापण्याआधी गाडीच्या आत लोखंडी पट्ट्यांचे तिरपे आधार तात्पुरते वेल्ड करून खांबांमधील अंतरे पक्की करावी लागतात आणि दारे बसवलेली ठेवूनच काम करावे लागते, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर दाराभोवतीची फट समान आहे की नाही हे दिसत राहते. एका वेळी एकच बाजू कापायची, ती पूर्ण जोडायची आणि मगच दुसरी. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा चढवून वरून वेल्ड करण्याची गॅरेजमधील रूढ पद्धत झटपट आणि स्वस्त असते, पण दोन्ही पत्र्यांच्या मधला गंज तसाच राहतो आणि काही पावसाळ्यांत नव्यालाही गिळतो, म्हणून कुजका भाग धड धातूपर्यंत कापून काढणे हाच मार्ग आहे. वाळूचा मारा करून गंज काढणे जाड लोखंडाला मानवते, परंतु छप्पर व बॉनेटसारखे मोठे सपाट पत्रे त्या माऱ्याने वाकतात. तेथे रासायनिक द्रावण आणि हाताचे घासकाम हेच ठीक. उघड्या धातूवर लगेच इपॉक्सी प्रायमर, शिवणींत सीलर आणि सर्व रंगकाम झाल्यावर पोकळ पेट्यांत मेणयुक्त तेलाची फवारणी, एवढे झाले तरच पुढची वीस वर्षे तो पत्रा टिकतो. या कामाला जो वेळ लागतो तो इंजिनाच्या कामाच्या अनेक पट असतो आणि नेमके याच टप्प्यावर बहुतेक प्रोजेक्ट अर्धवट राहून पुन्हा विक्रीला येतात.

उरलेल्या यंत्रणेविषयी थोडक्यात सांगता येते. पुढच्या चाकांना वळण देणारे किंगपिन, म्हणजे उभ्या खिळ्यासारखे पोलादी कणे, ग्रीस न भरल्यास झिजतात आणि स्टिअरिंग डगमगते. चारही चाकांना ड्रम ब्रेक असून त्यांची तेलवाहिनी एकच असल्यामुळे एका ठिकाणची गळती सर्व ब्रेक घालवू शकते, म्हणून येथे जुना भाग वाचवण्याचा मोह धरू नये. स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेल्या गिअरच्या सांध्यांतील बुश झिजले की गिअर अडकतात. हा दोष गिअरबॉक्सचा समजून बॉक्स खोलणाऱ्यांचा खर्च वाया जातो.

कागदपत्रांचा प्रश्न आता पूर्वीपेक्षा गुंतागुंतीचा झाला आहे. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून अधिक काळ झालेली, व्यापारी वापर नसलेली आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल न करता मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती 10 वर्षे चालते, पुढील नोंदणीचे शुल्क 5,000 रुपये आहे, नव्याने नोंदणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो आणि आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो. याचा अर्थ 1974 ची पद्मिनी 2024 मध्ये या उंबरठ्याला पोहोचली आणि आता दरवर्षी आणखी पद्मिनी त्यात येत राहतील. परंतु या नोंदणीची एक अट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि देखभाल यांखेरीज नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ज्याला रविवारी कुटुंबाला घेऊन औदुंबर किंवा पाटणपर्यंत जायचे आहे, त्याने गाडीची साधी नोंदणीच योग्यता तपासणी आणि पर्यावरण कर भरून नूतनीकृत करत राहणे अधिक सोयीचे. दोन्ही वाटांसाठी आरसी बुक हाती असणे, त्यावरचा चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या आकड्यांशी जुळणे आणि विक्रेत्याचे नाव नोंदीत असणे आवश्यक आहे. कराडला आता एमएच-50 ही स्वतंत्र मालिका आहे, साताऱ्याला एमएच-11 आणि सांगलीला एमएच-10. पण या गाड्यांवर बहुधा त्याआधीच्या पद्धतीतले क्रमांक असतात आणि त्यांच्या हस्तलिखित नोंदी संगणकात आल्या आहेत की नाहीत हे पैसे देण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. मधल्या काळात इंधन वाचवण्यासाठी कोणी डिझेल इंजिन बसवले असेल आणि त्याची नोंद केली नसेल, तर टरफल कितीही उत्तम असले तरी तो व्यवहार टाळणेच बरे.

मूळ रूप म्हणजे नेमके कोणते, हा प्रश्न त्यानंतर उरतो. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2012-13 मध्ये एक सनद स्वीकारली. वास्तुसंवर्धनाच्या 1964 च्या व्हेनिस सनदेचा आदर्श समोर ठेवून तयार झालेली ही सनद फियाटच्या गावाच्या, तोरिनोच्या, नावाने ओळखली जाते. जतन म्हणजे आहे ते आणखी बिघडू न देणे आणि जीर्णोद्धार म्हणजे गेलेले पुन्हा घडवणे, असा भेद ती करते आणि शक्य तेथे जतनाला प्राधान्य देते. बदललेले भाग ओळखता येतील अशी खूण ठेवावी, असेही ती सांगते. कुर्ल्याच्या फियाटला हा विचार विशेष लागू पडतो. तीस वर्षे एकाच घरी राहिलेल्या गाडीच्या डॅशबोर्डला कराडच्या सुताराने लावलेली फळी किंवा सांगलीच्या कारागिराने शिवलेली आसने हीसुद्धा तिच्या इतिहासाचा भाग आहेत, आणि ती फेकून कारखान्यातून निघालेल्या दिवसाची नक्कल तयार करण्यापेक्षा ती दुरुस्त करून ठेवणे हे अधिक प्रामाणिक काम आहे. मुंबईत पद्मिनीचे सर्वांत परिचित रूप काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली आणि टॅक्सीसाठीची 20 वर्षांची मुदत संपून 30 ऑक्टोबर 2023 पासून ती शहराच्या रस्त्यांवरून गेली. टॅक्सी म्हणून झिजलेल्या गाड्यांपेक्षा खाजगी वापरातील, लहान गावांत सांभाळलेल्या गाड्याच यापुढे या घराण्याचा खरा साठा ठरणार आहेत आणि त्यांतील बऱ्याच कृष्णाकाठच्या शेडांमध्ये असणार.

या साठ्यापुढे सर्वांत मोठी अडचण भागांची नसून मापांची आहे. किंगपिनच्या बुशचा व्यास, दारांच्या फटींचे योग्य अंतर, उंबऱ्याच्या पेटीचा छेद, गिअरच्या दांड्यांची लांबी ही मापे आज मुख्यतः वृद्ध मिस्त्रींच्या हातात आणि आठवणीत आहेत. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 पासून आणि सांगलीचे वालचंद महाविद्यालय त्याआधीपासून या भागात आहे; दोन्हीकडे मोजमापाची आधुनिक साधने आहेत आणि दरवर्षी प्रकल्पाचा विषय शोधणारे विद्यार्थीही आहेत. एका धड टरफलाची आणि एका खोललेल्या इंजिनाची मापे घेऊन, प्रत्येक भागाचे मराठी व गॅरेजमध्ये रूढ असलेले नाव त्याच्या चित्रासह नोंदवून ठेवले, तर कोल्हापूरची ओतशाळा किंवा कराडचा लेथवाला जुना नमुना हातात नसतानाही तो भाग घडवू शकेल, आणि शेडमधील अर्धवट फियाटसाठी ग्राहक शोधताना विक्रेत्याला गाडीसोबत तिचा नकाशाही देता येईल.